सहा बंद पाकिटं

गोडदेवला गणपतीच्या जागरणात मेंढीकोट खेळत आम्ही मोठे झालो. परवा त्याच घरात भाच्याने ‘मॅजिक’चा डाव मांडला. रिचर्ड गारफिल्ड यांचा हा पत्त्यांचा खेळ 1993 सालचा. एरवी यात ज्याच्याकडे महागडे पत्ते, त्याचं पारडं जड. म्हणून भाच्याचा एक मित्र नुसता बघत बसायचा. या वेळी मुलांनी ‘सील्ड डेक’ ठरवलं. प्रत्येकाला सहा बंद पाकिटं. ती तिथेच फोडायची, त्यातली पानं निवडायची, जमिनीची साधी पानं वरून घालायची आणि किमान 40 पानांचा संच जुळवायचा. मित्राची पाकिटं वर्गणीतून आली. तो हरला, पण ‘पुढचा डाव कधी?’ हे त्यानेच विचारलं. पानं कशी येतील ते आपल्या हाती नसतं. सगळ्यांना सारखी पाकिटं देणं मात्र असतं.