बीजकोशांचें कार्य

गर्भाशयाच्या दोहों बाजूंस बदामाएवढ्या ज्या दोन ग्रंथी असतात, त्यांस बीजकोश म्हणतात. डच वैद्य रेनिये द ग्राफ यानें १६७२ सालीं त्यांवरील फुगीर पुटकुळ्यांचें वर्णन केलें. परंतु पुटकुळीच्या आंत दडलेलें खरें बीज प्रथम दृष्टीस पडलें तें कार्ल फॉन बेअर यास, १८२७ सालीं, आणि तेंहि कुत्रीच्या शरीरांत. मानवी बीज मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढें असतें. तेव्हां या विलंबाचें फारसें नवल नाहीं.

नवल आहे तें पुढील गोष्टीचें. अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतांत रॉबर्ट बॅटी या शस्त्रवैद्यानें १८७२ सालीं एका स्त्रीचे दोन्ही बीजकोश काढले, आणि पुढें ही शस्त्रक्रिया इतकी रूढ झाली कीं अपस्मार, उन्माद अशा विकारांवरहि निरोगी बीजकोश कापून टाकण्यांत येऊं लागले! बीजकोश मज्जातंतूंच्या द्वारें सर्व शरीरास क्षुब्ध करतात, अशी तेव्हां समजूत होती. शस्त्रक्रियेनंतर त्या स्त्रियांचा ऋतुस्राव बंद पडे, अंगाचा दाह होई, गर्भाशय आक्रसून जाई. पण असें कां, हें कोणास नीट सांगतां येईना.

व्हिएन्ना येथील एमिल क्नाउअर यानें १८९६ सालीं सशीचे बीजकोश मूळ जागेवरून काढून शरीरांत अन्यत्र रुजविले. मज्जातंतू तुटले होते, तरी गर्भाशय सुकला नाहीं. म्हणजे बीजकोश आपला निरोप रक्तांतूनच धाडीत असले पाहिजेत. अशा निरोप्या द्रव्यांस ‘हॉर्मोन’ हें नांव स्टार्लिंगनें १९०५ सालीं दिलें. बीजकोशांतील एस्ट्रोजेन गर्भाशयाचें अस्तर वाढवितें. बीज बाहेर पडल्यावर रिकाम्या पुटकुळीचा पिंवळा पिंड बनतो; त्यांतील प्रोजेस्टेरोन तें अस्तर गर्भास योग्य करतें. गर्भ न राहिल्यास सुमारें दोन आठवड्यांत पिंड विरतो, आणि अस्तर गळून ऋतुस्राव येतो.

महाराष्ट्रांत घरोघर ‘पिशवी काढली’ एवढेंच म्हणतात; बीजकोश ठेवले कीं काढले, हें त्या शब्दावरून कळत नाहीं. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी शासनास २०१९ सालीं करावी लागली. केवळ गर्भाशय काढल्यास ऋतुस्राव थांबतो, पण बीजकोशांचें काम चालू राहतें. दोन्ही बीजकोश गेले तर तिशींतील स्त्रीसहि एकाएकीं ऋतुनिवृत्ति येते, आणि एस्ट्रोजेनच्या अभावीं हाडें ठिसूळ होऊं लागतात. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी बीजकोश राहणार कीं जाणार, हें डॉक्टरांस स्पष्ट विचारतां येतें.