धार कोणाची, ज्ञान कोणाचे?

(यंत्र-कारखान्यांतील तरुण कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

मित्रहो,

आपण रोज लेथवर पोलाद कापता. ते कसे कापावे हे आपल्याला शिकविण्याचे धाडस मी करणार नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच की, कापण्याचे हे ज्ञान मुळात कोणाचे, आणि आज ते कोणाच्या हाती आहे?

जॉब फिरतो, हत्याराची धार त्यात शिरते, कीस निघतो. धारेपाशी प्रचंड उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेनेच धार मरते. वेग किती ठेवावा, कट किती खोल घ्यावा, फीड किती द्यावा, हे जुना टर्नर किसाच्या रंगावरून आणि यंत्राच्या आवाजावरून ठरवीत असे. हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात येत होते.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८७८ साली फ्रेडरिक टेलर हा सधन घरातला तरुण मजूर म्हणून दाखल झाला आणि पुढे लेथ विभागाचा मुकादम बनला. उत्पादन वाढविण्यासाठी कामगारांशी त्याचा सुमारे तीन वर्षे झगडा चालला. त्या झगड्यातून त्याला जे उमगले ते त्याने १९११ सालच्या आपल्या ग्रंथात प्रांजळपणे नमूद केले आहे. हाताखालच्या कामगारांचे एकत्रित ज्ञान आणि कसब आपल्याहून दसपट आहे, असे तो म्हणतो. मग ते ज्ञान व्यवस्थापनाकडे आणायचे कसे, हाच त्याचा ध्यास झाला.

१८८० साली सुरू झालेले त्याचे प्रयोग सव्वीस वर्षे चालले. आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा त्यांत कीस झाला. कटाच्या जागी पाण्याची जोरदार धार सोडली तर वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढविता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. बेथलेहेम कारखान्यात मॉन्सेल व्हाइटच्या साथीने त्याने टंगस्टन-क्रोमियमयुक्त पोलाद वितळण्याच्या बेतापर्यंत तापवून त्याची हत्यारे बनविली. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ती हत्यारे टोक लाल झाले तरी कापत राहिली. या विज्ञानाचे महत्त्व आपण नाकारू नये; त्याने मानवजातीची उत्पादनशक्ती खरोखरच वाढविली.

परंतु या विज्ञानाची व्यवस्था कशी लावली गेली? वेग आणि फीड काढण्यासाठी कार्ल बार्थने खास गणकपट्टी तयार केली; ती नियोजन-खात्यात राहिली. हत्याराला धार लावण्याचे काम टर्नरकडून काढून टूलरूमकडे दिले गेले. कामगाराच्या हाती उरला तो सूचनांचा कागद. कामगाराकडून घेतलेले ज्ञान त्याच्यापर्यंत हुकूम होऊन परत आले!

कामगारांनी हे मुकाट्याने सोसले नाही. १९११ साली मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन या सरकारी शस्त्रागारात स्टॉपवॉच येताच ओतारी कामगारांनी संप पुकारला. अमेरिकन काँग्रेसने चौकशी समिती नेमली आणि १९१५ साली लष्करी खर्चाच्या विधेयकातच स्टॉपवॉचने काम मोजण्यावर बंदी घातली. दुसरीकडे, १९१४ साली टेलर-पद्धतीला यंत्राकरवी माणसाची गुलामगिरी म्हणणाऱ्या लेनिनने १९१८ साली सत्तेवर असताना त्याच पद्धतीचा अभ्यास करा, असे सांगितले. मालकी बदलली म्हणजे हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा यांतील अंतर आपोआप मिटत नाही, हा धडा समाजवाद्यांनी विसरता कामा नये.

आता आपल्या यंत्राकडे वळू. १९५२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत, अमेरिकन हवाईदलाच्या पैशावर, छिद्रांकित फितीच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले. त्याच सुमारास दुसरीही वाट उपलब्ध होती : कुशल कारागिराच्या हालचाली फितीवर नोंदवून यंत्राकडून त्याच पुन्हा करून घेण्याची. रूढ झाली ती पहिली वाट, ज्यात कसब कार्यालयात आणि बटण कामगारापाशी. आजचा सीएनसी लेथ तिचाच वंशज आहे.

हे ज्ञान हाती नसले म्हणजे काय होते? टेलरच्याच सूत्राचे उदाहरण घ्या. हायस्पीड पोलादाच्या हत्याराचा वेग फक्त दहा टक्क्यांनी वाढविला, तर धारेचे आयुष्य निम्म्याहूनही कमी होते. कार्बाइडला एवढा फटका बसत नाही, पण बसतो. तेव्हा उद्या उत्पादनाचा आकडा वाढविण्यासाठी प्रोग्रॅममधील वेग चढविला गेला आणि हत्यारे पटापट मोडू लागली, तर दोष कोणाचा? हे गणित ज्याला ठाऊक नाही तो मान खाली घालून ठपका सोसतो. ज्याला ठाऊक आहे तो आकडे मांडून जाब विचारतो.

म्हणून आपल्या मागण्यांत पगार आणि बोनस यांच्या जोडीला आणखी तीन गोष्टी असल्या पाहिजेत. प्रोग्रॅम आणि वेग-फीडचे तक्ते कामगाराला वाचावयास खुले असावेत. उत्पादनाचे प्रमाण ठरविताना युनियनचा प्रतिनिधी बसावा. आणि शिकाऊ उमेदवाराला बटण कोणते दाबायचे एवढेच न शिकविता, वेग तेवढाच का, हेही शिकविले जावे.

तोवर, मित्रहो, जेवणाच्या सुटीत एकमेकांना हे गणित शिकवा. ज्या हातांनी हे ज्ञान जन्माला घातले, त्यांनी ते परत मागणे यात याचना कसली?