माळेचा नेम आणि मुक्कामाची जागा
(शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या मंडपात मोठमोठ्या महाराजांची कीर्तनं झाली. आम्ही चौथी शिकलेले, कापूस-केळी पिकवणारे. पंचमंडळींनी बोला म्हटलं म्हणून उभे राहिलो. विषय एकच ठेवतो. दिंडी पुढं निघून गेल्यावर मागं काय राहतं?

आपण गळ्यात माळ घातली तेव्हा नेम घेतला. दारू-मटण सुटलं, एकादशी धरली, वारी धरली. आता सांगा, एकादशीला तुमच्या घरी कुणी पोलीस बघायला येतो का? घरात दुसरं माणूस नसलं तरी वारकरी भाकरीला हात लावत नाही. त्याच्यावर पहारा त्याच्या माळेचाच असतो. मग हाच पहारा कचऱ्याच्या बाबतीत कुठं जातो?

सरकारनं २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी केली. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे ग्लास, चमचे, थर्माकोलच्या ताटल्या बंद केल्या. तरी वारीच्या वाटेवर त्या दिसतातच. कायदा दुकानदाराला दंड करील, पण आपला हात आपणच आवरायचा असतो, भाऊ.

आपल्याला हे शिकवायला परका माणूस नको. गाडगेबाबा आपलेच. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मले, १९५६ साली गेले. शाळा शिकले नाहीत. गावात आले की आधी हातात खराटा. दिवसभर गल्ल्या झाडायच्या आणि रात्री कीर्तन. लोकांना 'झाडा' म्हणून सांगत बसले नाहीत. म्हातारा माणूस आपली गटार काढतोय हे बघून लोकांना लाज वाटायची आणि ते आपोआप हात लावायचे. आम्ही पुढारी त्याला म्हणतो जो कामात पुढं असतो. जो फक्त फोटोत पुढं असतो, त्याचा काय उपयोग?

आता पाण्याचं बघा. चंद्रभागेत आपण स्नान करतो. ती भीमाच. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, उजनीत साठतं आणि वारीला उजनीतून सोडलेलं पाणी पंढरीला पोचतं. आपण म्हणतो, शहरवाल्यांनी देवाची नदी नासवली. खरं आहे. पण आपल्या खान्देशात काय चाललंय? चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. पलीकडं मेहूण, आपल्या मुक्ताईचं ठिकाण. पुढं हतनूरला पाणी अडतं, खाली भुसावळ तेच पाणी पितं. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा सगळ्या तापीलाच मिळतात आणि तापी गुजरातेत सुरतेला जाऊन समुद्राला मिळते. म्हणजे आपण नाल्यात टाकलेली पिशवी कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यातून जाते. पुणेकर आपल्या वर आहेत, तसे आपणही कुणाच्या तरी वर आहोत.

खालच्याचा विचार आपल्या पूर्वजांना होता. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत आहे, काही शेकडो वर्षांची. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड. पाणी कुणी आपल्या हातानं वळवायचं नाही. शेतकऱ्यांनी नेमलेला पाटकरी पाळीनं देणार. पाट साफ करायला ज्याचं त्याचं शेत असेल त्यानं यायचं. वरच्यानं पाटात घाण केली तर खालच्याचं पीक जाणार, हे सगळ्यांना ठाऊक. साहेब नव्हता, खातं नव्हतं, तरी चाललं. प्रत्येकानं आपला वाटा उचलला म्हणून चाललं.

आता आपल्याच वाटेवरची गोष्ट सांगतो. गावाचं नाव घेत नाही. एका मुक्कामाला शाळेचं पटांगण मिळेना. गुरुजी म्हणाले, "बाबा, राग मानू नका. परवा एक दिंडी राहून गेली. पोरांनी दोन दिवस पत्रावळ्या वेचल्या. मागच्या भिंतीकडं तर उभं राहवत नाही." मंडळी तापली. आम्ही वारकरी, आम्हाला जागा नाही? तेवढ्यात आपल्या विणेकरी बाबांनी गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली, कारण वीणा खाली ठेवायची नसते. गेले आणि भिंतीजवळचा खराटा उचलला. वय सत्तरीच्या पुढं. एक शब्द बोलले नाहीत. थोड्या वेळात पन्नास माणूस पटांगणात वाकलं होतं. ती घाण आपल्या दिंडीची नव्हती, पण गुरुजींना काय, पताका सगळ्यांची भगवीच. त्या रात्री हरिपाठ त्याच पटांगणात झाला. पुढच्या वर्षी गुरुजींनी आधीच पाण्याची टाकी भरून ठेवली होती.

तेव्हापासून आपल्या दिंडीत पाच माणसं सगळ्यात शेवटी निघतात. जागा झाडून, खड्डा बुजवून, मगच चालू लागतात. हा मान विणेकऱ्याच्या मानापेक्षा कमी समजू नका.

आणि वारी काही महिनाभराचीच नसते. उरलेले अकरा महिने शेतातही माळ गळ्यातच असते. फवारणीची रिकामी बाटली विहिरीवर धुऊ नका. बाटलीत पाणी घालून तीनदा हलवा, ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा म्हणजे घरात कुणी तेल-पाणी भरणार नाही. पंप नाल्यात धुऊ नका, तिथं ढोरं पाणी पितात. पराट्या पेटवण्यापेक्षा कुट्टी करून खतात घाला. केळीच्या घडावरच्या पिशव्या बांधावर उडू देऊ नका, गाय खाते आणि तडफडून मरते.

माय-बापहो, शंभराव्या वर्षी आम्ही जास्त मागत नाही. येत्या आषाढीला प्रत्येकाच्या पिशवीत स्वतःचं ताट, वाटी, तांब्या असावा. पत्रावळ लागलीच तर पळसाची, नाहीतर केळीचं पान. फिरत्या संडासापुढं रांग असली तरी रांगेतच थांबायचं, दुसऱ्याच्या वावरात बसायचं नाही. आपल्या पुढ्यातला कचरा आपण उचलायचा आणि एक शेजारच्याचाही उचलायचा, बोलून न दाखवता.

उरलेलं काम माळ करून घेईल. आपल्या मागून दुसरी दिंडी त्याच जागी उतरणार आहे. तिला जागा स्वच्छ मिळाली, तर शंभर वर्षं चालल्याचं सार्थक झालं.

रामकृष्ण हरि.