'तें' आणि 'ती'
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. विषय मीच निवडला आहे, आणि तो माझ्या घरातलाच आहे.

माझे माहेर गोव्यात, डिचोलीकडचे. आमच्या कोंकणीत मुलीला 'ती' म्हणत नाहीत, 'तें' म्हणतात. 'चेडूं' हा शब्दच मुळी नपुंसकलिंगी. 'तें खंय गेलें?' असे आई विचारी, तेव्हा ते मीच असे. लग्न होऊन गिरगावात आले आणि धाकट्या नणंदेला चुकून 'ते' म्हणाले, तर केवढा हशा पिकला! पण मराठीतही 'ते पोर', 'ते लेकरू' आपण म्हणतोच की. व्याकरणकारांनी या लिंगाला नाव तेवढे वाईट दिले.

गेल्या दिवाळीत माझ्या लेकीचे धाकटे मला म्हणाले, "आजी, मला 'ती' नको म्हणूस, 'ते' म्हण. मी बाई नाही, आणि पुरुष तर नाहीच."

मी विचारले, "मग अंगावर माझे इरकल कशाला?"

"ते मला शोभते म्हणून! बाईपण मला जवळचे आहे गं, पण मी बाई नाही."

नात म्हणायचे नाही, तर काय म्हणावे? मग आठवले, 'नातवंड' शब्द आहेच. बोलताना जमते, लिहिताना मात्र 'ते आले' म्हटले, की कोणी भारदस्त गृहस्थ आल्यासारखे वाटते!

एक गोष्ट समजायला मला वेळ लागला. आमच्याकडचे 'तें' लहानपणाचे. मुलगी संसाराला लागली, की तिची 'ती' होई. माझे नातवंड बावीस वर्षांचे आहे, आणि ते 'ती' होण्याची वाट पाहत नाही. त्याला 'ते'च राहायचे आहे. आपले लिंग कोणते हे ज्याचे त्याने ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी सांगितले आहे. पण न्यायालय काही हळदीकुंकवाला येत नाही.

गेल्या संक्रांतीला तिळगुळाच्या पुड्या त्यानेच बांधल्या होत्या. कुंकवाचा करंडा त्याच्यापुढे आला आणि एका भगिनीचा हात थांबला. "तुम्ही बाई नाही म्हणता ना?" त्यांनी सहजच विचारले असेल. नातवंड हसले, पण घर येईपर्यंत एक अक्षर बोलले नाही.

भगिनींनो, हे गेल्यावर मीही हळदीकुंकवाच्या दिवशी स्वयंपाकघरातच बसत असे. अकरा वर्षे बसले. मग याच मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षीणबाईंनी मला हाताला धरून बाहेर आणले आणि कुंकू लावले. त्या दिवशी कोणी शास्त्र विचारले नव्हते.

येत्या संक्रांतीला नातवंड माझ्याबरोबर येणार आहे. कुंकू लावलेले चालेल का, हे मी विचारून ठेवले आहे, आवडेल म्हणाले. वाण मोजताना चिटणीसबाईंनी एक अधिक धरावे.