जाड्या-रड्याची उशिरा जमलेली मैत्री

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी, शनिवारी केलेले भाषण)



संयोजकांनी बजावले आहे की प्रत्येकाने आवडीच्या विषयावर दहा मिनिटे बोलायचे. नोकरी, मुलांचे मार्क आणि स्वतःचे गुडघे हे तीन विषय वर्ज्य. मी सॉफ्टवेअरवर बोलू लागले तर मागच्या बाकावरची मंडळी तीस वर्षांपूर्वीसारखीच मागच्या दाराने पसार होतील. म्हणून नाटकावर बोलते. जुन्या काळच्या विनोदी नटांच्या आयुष्यावर नंतरचे नट जी नाटके करतात, त्यांच्याविषयी. उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे घेते, जाड्या-रड्याचे.

ऑलिव्हर हार्डी म्हणजे जाड्या आणि स्टॅन लॉरेल म्हणजे रड्या. मराठी माणसाने या दोघांचे बारसे इतके चपखल केले की आपल्यापैकी अनेकांना त्यांची खरी नावे पुष्कळ उशिरा कळली.

इंग्लंड-अमेरिकेत अशी नाटके बरीच होतात. चार्ली चॅप्लिनच्या आयुष्यावरचे संगीत नाटक २०१२ मध्ये ब्रॉडवेवर आले. ग्राउचो मार्क्सवरचे नाटक लिहिणाऱ्या दोघांपैकी एक खुद्द त्याचा मुलगा, आर्थर मार्क्स. टॉमी कूपर हा इंग्लंडचा लाडका नट १९८४ मध्ये दूरदर्शनवरच्या थेट कार्यक्रमात रंगमंचावर कोसळला, आणि हाही एक विनोदच आहे असे समजून प्रेक्षक हसत राहिले. त्याच्यावरही नाटके झाली.

अशा नाटकांची एक मळलेली वाट आहे. पहिला अर्धा भाग हसवायचे, मग दिवे मंद करायचे आणि सांगायचे की जगाला हसवणारा हा माणूस आतून रडत होता. प्रेक्षक डोळे पुसत घरी जातात. लॉरेल आणि हार्डी यांच्याबाबतीत या वाटेने जाणे सोपेही आहे. दोघांचीही लग्ने एकाहून अधिक झाली, मोडली. स्टॅनचा मुलगा १९३० मध्ये जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेला. चित्रपटांची मालकी स्टुडिओची होती. पुढे टीव्हीवर ते पुन्हापुन्हा लागले आणि नव्या पिढीने ते डोक्यावर घेतले, तरी त्याचा पैसा या दोघांना मिळाला नाही. हे सगळे खरे आहे. पण एवढेच सांगणारे नाटक मला अपुरे वाटते. हसवणे हे त्यांचे रोजचे काम होते, आणि ते काम कसे चालायचे हे कळल्याशिवाय माणूस कळत नाही.

स्कॉटलंडचे नाटककार टॉम मॅकग्रा यांनी १९७६ मध्ये या जोडीवर नाटक लिहिले. त्यात दोघे मृत्यूनंतर भेटतात आणि आपल्या आयुष्याकडे मागे वळून पाहतात. इतर पात्रेही तेच दोन नट करतात. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने पन्नासहून अधिक माणसे उभी केली. ते पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला या प्रकाराचे नवल वाटणार नाही. पण इथे त्याला आणखी एक अर्थ येतो. ज्या दोघांना जग फक्त एकाच रूपात ओळखत होते, तेच रंगमंचावर भराभर दुसरे कोणी होतात आणि परत आपल्या जागी येतात.

या जोडीची खरी गंमत पडद्यामागे होती, आणि तिथे सगळे उलटे होते. पडद्यावर जाड्या साहेब आणि रड्या बावळट. प्रत्यक्षात विनोद रचणारे डोके रड्याचे. स्टॅन लेखकांबरोबर बसायचा, दिग्दर्शनात लक्ष घालायचा, चित्रीकरण संपल्यावर संकलनासाठी थांबायचा. ऑली त्या वेळी गोल्फच्या मैदानावर असायचा. स्टॅनला पगारही जास्त होता, आणि ऑलीची त्याला हरकत नव्हती. स्टॅन काम जास्त करतो, हे त्याला मान्य होते. चांगल्या नटाला हे दुहेरीपण दाखवावे लागते. नुसती टोपी घालून डोके खाजवले की रड्या होत नाही. डोके खाजवणाऱ्याच्या आत एक काटेकोर कारागीर आहे, हेही जाणवले पाहिजे.

आता दोनच वाक्ये माझ्या धंद्यातली, चालवून घ्या. आम्ही प्रोग्राम लिहितो आणि ग्राहकाच्या हाती देण्याआधी थोड्या लोकांना वापरायला देतो. ते कुठे अडतात ते पाहून दुरुस्त्या करतो. ही मंडळी १९३० च्या आसपास हेच करत होती. चित्रपट आधी साध्या प्रेक्षकांना दाखवायचा, हशा कुठे येतो आणि किती वेळ टिकतो ते पाहायचे, आणि त्या बेताने कापाकापी करायची, म्हणजे हशात पुढचा विनोद बुडत नाही. हार्डी वैतागून कॅमेऱ्याकडे टक लावून बघत राहतो ना, त्या थांबण्यामागे हा हिशेब आहे. नाटकात ही गोष्ट आणखी छान उमटते. तिथे कॅमेरा नसतो. हार्डी झालेला नट थेट आपल्याकडे बघतो आणि आपला हशा ओसरेपर्यंत खरोखरच थांबतो.

आता मुद्द्यावर येते. १९२७ मध्ये हॅल रोच यांच्या स्टुडिओत ही जोडी जमली, तेव्हा दोघांची पस्तिशी झालेली होती. पुढे त्यांनी शंभराहून अधिक चित्रपट एकत्र केले. जिना चढवून पियानो वर नेण्याच्या खटाटोपावरच्या ‘द म्युझिक बॉक्स’ला १९३२ मध्ये ऑस्कर मिळाले. पण त्या सगळ्या वर्षांत ते एकमेकांचे सहकारी होते. संध्याकाळी स्टुडिओ सुटला की दोघे दोन दिशांना जायचे. एका कचेरीत वीस वर्षे शेजारी बसून एकमेकांच्या घरी कधी न गेलेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. इथेही पाहिली आहेत, याच वर्गात!

त्यांची मैत्री जमली ती चित्रपटांचा बहर ओसरल्यावर. १९४७ पासून त्यांनी ब्रिटनमध्ये नाट्यगृहांचे दौरे केले. तेव्हा दोघांचीही पंचावन्नी उलटली होती. गाड्या, हॉटेले, रोजचे खेळ, सोबत बायका. या दौऱ्यांत दोघांना प्रथमच एकमेकांसाठी निवांत वेळ मिळाला. सप्टेंबर १९५३ मध्ये त्यांचे जहाज आयर्लंडमधल्या कोव्ह बंदराला लागले तेव्हा धक्क्यावर गर्दी उसळली होती, आणि तिथल्या चर्चच्या घंटांवर त्यांच्या चित्रपटांची ओळखीची धून वाजत होती. पुढच्या मे महिन्यात प्लिमथला ऑलीची प्रकृती बिघडली. तिथे एकच प्रयोग झाला आणि दौरा संपला. या जोडीने रंगमंचावर पाऊल टाकले ते तेव्हा शेवटचे.

‘स्टॅन अँड ऑली’ हा २०१८ चा चित्रपट याच दौऱ्यावर आहे. त्यात दोघांचे कडाक्याचे भांडण आहे, पण ते बरेचसे लेखकाने रचलेले. भांडणाशिवाय कथा उभी राहत नाही, असे लिहिणाऱ्यांना वाटते. ते न रचताही एक नाटक उभे राहिले आहे, आणि ते मी कामानिमित्त इंग्लंडमध्ये असताना एका छोट्या नाट्यगृहात पाहिले.

सप्टेंबर १९५६ मध्ये ऑलीला अर्धांगाचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. ७ ऑगस्ट १९५७ रोजी तो गेला. मधल्या काळात स्टॅन त्याला भेटायला जाई. जेफ्री हॉलंड हा ब्रिटिश नट गेल लाऊ यांच्यासोबत लिहिलेल्या नाटकात ही भेट एकट्याने उभी करतो. ऑलीचे काम करायला दुसरा नट नाही. स्टॅन आजाऱ्याशी बोलतो. जुन्या फजित्या, जुने विनोद, मध्येच एखादा प्रवेश करूनही दाखवतो. समोरून उत्तर येत नाही. तरीही थोड्या वेळाने आपल्याला ऑली दिसायला लागतो, कारण स्टॅन प्रत्येक वाक्यानंतर त्याच्यासाठी नेमकी तेवढी जागा सोडतो. आयुष्यभर हशासाठी मोजून ठेवलेली ती जागा.

ऑली गेल्यावर स्टॅनने दुसऱ्या कोणाबरोबर काम केले नाही, पण दोघांसाठी विनोद रचायचे त्याने सोडले नाही. सांता मोनिकातल्या त्याच्या घराचा नंबर टेलिफोन डिरेक्टरीत होता. कोणीही फोन करावा, भेटायला यावे. चाहत्यांच्या पत्रांना तो स्वतः उत्तरे लिहायचा. १९६५ मध्ये तो गेला.

हे सगळे आज इथे सांगण्याचे कारण तुमच्यातल्या बहुतेकांच्या लक्षात आले असेल. आपल्या वर्गातला एकजण आज आलेला नाही. नाव घेत नाही. स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांची नक्कल खुद्द मुख्याध्यापकांसमोर करणारा तोच. सर, तुम्ही तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसला होतात. दीड वर्षापूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. समजते सगळे, बोलता येत नाही. आपल्यापैकी काहीजण जाऊन आले. पाच मिनिटे तब्येत, पाच मिनिटे औषधे, आणि मग शब्द संपतात. त्याची बायको चहा ठेवते आणि सगळे कपाकडे बघत बसतात.

मला वाटते, आपण बोलायचा विषय चुकीचा निवडतो. त्याला त्याच्या आजाराची माहिती आपल्यापेक्षा जास्त आहे. त्याला सहलीत बंद पडलेल्या एस. टी.ची गोष्ट सांगा. गणिताच्या तासाला डब्यातून निघालेल्या बेडकाची सांगा. नक्कल येत असेल तर करून दाखवा, आणि प्रत्येक विनोदानंतर त्याच्यासाठी थोडे थांबा. उत्तर कदाचित डोळ्यांतून येईल.

शाळेत तो माझा मित्र नव्हता, हेही सांगते. मुली एका बाजूला, मुले दुसऱ्या बाजूला. दहा वर्षांत आम्ही दहा वाक्येही बोललो नसू. आता मात्र त्याच्या घरी जायला मला आवडते. आपण सगळ्यांनी पंचेचाळिशी ओलांडली. लॉरेल आणि हार्डी यांची मैत्री जुळली तेव्हा ते आपल्याहून दहा वर्षांनी मोठे होते. म्हणजे आपल्याला उशीर झालेला नाही.

उद्या रविवारी सकाळी साडेनऊला शाळेच्या फाटकापाशी जमायचे आहे. एका वेळी चौघांपेक्षा जास्त आत जायचे नाही, असे त्याच्या घरच्यांनी सांगितले आहे. बाकीच्यांनी अंगणात थांबायचे. सर, तुम्हीही या. त्याला तुमची नक्कल करता येत नाही आता. या वेळी तुम्ही त्याची करा.