धर्मपीठ आणि राजदंड



धर्म ही मानवी जीवनांतील सर्वांत मोलाची वस्तु असेल, तर राज्यकारभारांत तिचाच अंमल कां नसावा, असा प्रश्न पुष्कळ सश्रद्ध माणसें विचारतात. ख्रिस्ती समाजांतही तो वारंवार निघतो. त्याचें उत्तर एखाद्या नास्तिक पंडिताकडून न घेतां, श्रद्धेसाठीं घरदार सोडणाऱ्या एका धर्मोपदेशकाकडून आज आपण घेऊं. त्याचें नांव रॉजर विल्यम्स.

इंग्लंडांतील सरकारी चर्चच्या जाचाला कंटाळून प्यूरिटन लोक अमेरिकेंत गेले आणि मॅसॅच्युसेट्स येथें त्यांनीं वसाहत केली. स्वतः छळ सोसलेलीं हीं माणसें इतरांस मोकळीक देतील, अशी अपेक्षा कोणीही केली असती. पण झालें उलटेंच. जो चर्चचा सभासद त्यालाच मताधिकार, असा नियम त्यांनीं १६३१ सालीं केला. त्याच वर्षीं विल्यम्स बोस्टनला येऊन पोंचला. ईश्वराची उपासना कोणीं कशी करावी, यांत सरकारी अधिकाऱ्यानें हात घालूं नये, असें तो उघड प्रतिपादूं लागला.

पुढें वसाहतीच्या रहिवाशांस ईश्वराच्या नांवानें शपथ घालण्याचें ठरलें, तेव्हां त्यानें हरकत घेतली. त्याचें म्हणणें असें कीं, शपथ हीही एक उपासनाच होय. ज्याच्या अंतःकरणांत श्रद्धा नाहीं त्याला ती घ्यावयास लावणें म्हणजे ईश्वराचें नांव व्यर्थ घेण्यास त्याला भाग पाडणें. आम्हां शिक्षकांस हें चांगलें समजतें. प्रार्थनेच्या वेळीं मुलें हजर आहेत, एवढें हजेरीपटावर लिहितां येतें. त्यांचीं मनें कोठें आहेत, तें लिहितां येत नाहीं.

या व अशाच मतांबद्दल १६३५ सालीं विल्यम्सला हद्दपारीची शिक्षा झाली. ऐन हिवाळ्यांत बर्फ तुडवीत तो निघाला. नॅरागॅन्सेट जमातीच्या नायकांकडून जमीन मिळवून १६३६ सालीं त्यानें प्रॉव्हिडन्स हें गांव वसविलें. त्यांतूनच ऱ्होड आयलंडची वसाहत उदयास आली. तेथें क्वेकरांना आणि यहुद्यांनाही आसरा मिळाला. बोस्टनमध्यें मात्र १६६० सालीं मेरी डायर या क्वेकर बाईला फांशी देण्यांत आलें. फांशी देणारे लोक नित्य बायबल वाचणारे होते! क्वेकरांचीं मतें विल्यम्सलाही मुळींच पसंत नव्हतीं. १६७२ सालीं त्यानें त्यांच्याशीं जाहीर वाद घातला. पण वादाचें साधन शब्द, दोरखंड नव्हे, हा विवेक त्यानें सोडला नाहीं.

मग धार्मिक माणसानें अन्यायापुढें मुकाट्यानें बसावें काय? मुळींच नाहीं. विल्बरफोर्सनें ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रेरणेनेंच वीस वर्षें झगडून, १८०७ सालीं गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटांत मंजूर करून घेतला. परंतु त्यानें पुरावे मांडले, मनें वळविलीं, मतें मिळविलीं. श्रद्धेनें माणसाच्या मनाला बळ द्यावें. चर्चनें सत्तेची खुर्ची मागूं नये, हाच यांतील भेद.

आपल्या देशांतही याचें एक सुंदर उदाहरण आहे. १९४९ च्या मे महिन्यांत, सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीपुढें, अनुसूचित जातींखेरीज इतर अल्पसंख्याकांसाठीं विधिमंडळांत राखीव जागा ठेवूं नयेत, असा ठराव आला. तो मांडणारे डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः बंगाली ख्रिस्ती आणि घटना समितीचे उपाध्यक्ष होते. राखीव जागा गेल्या. पण धर्म पाळण्याचें व त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य घटनेच्या २५ व्या कलमानें सर्वांस सारखेंच मिळालें.

ज्या अधिकाऱ्याला आपण आज आपल्या धर्माच्या रक्षणासाठीं तलवार देतों, त्याच्या जागीं उद्यां दुसरा येतो, आणि तलवार तेथेंच असते. म्हणून ख्रिस्ती मनुष्यानें राजदंड देवळाबाहेर ठेवावा, तो शेजाऱ्याच्या हितासाठीं तर खराच. पण त्याहूनही अधिक, आपली प्रार्थना आपलीच राहावी यासाठीं.