टाकाऊ प्लास्टिकला नॅनो-मातीची जोड

खताची रिकामी गोणी बाहेरून विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनची असते, आत बहुधा पॉलिथिनचे अस्तर असते आणि भंगारात ती तशीच जाते. वितळवल्यावर दोन्ही प्लास्टिके मिसळल्यासारखी दिसतात, पण एकजीव होत नाहीत. एकाचे थेंब दुसऱ्यात वेगळेच राहतात आणि या मिश्रणाच्या दाण्यापासून बनवलेली वस्तू ताण पडताच नेमकी त्यांच्या सीमेवर तुटते. त्यातच उन्हाने आणि पुन्हा पुन्हा तापवण्याने पॉलिप्रॉपिलिनच्या रेणूंच्या साखळ्या आखूड झालेल्या असतात. पुणे–सोलापूर महामार्गावरच्या भांडगावला एका अंगाला शेती आहे, दुसऱ्या अंगाला कारखाने. असा माल येथे नवा नाही.

दाण्याला ताठपणा आणण्याची जुनी रीत म्हणजे खडूची किंवा शंखजिऱ्याची पूड २० ते ४० टक्के घालणे. वस्तू ताठ होते, तशी जडही होते. नॅनो-फिलर (नॅनोमीटर मापाची पूड) मात्र २ ते ५ टक्के पुरतो, कारण तेवढ्याच वजनात त्याचा पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो. त्यांतला सर्वांत परिचित म्हणजे माँटमोरिलोनाइट. दख्खनची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ती याच जातीच्या खनिजामुळे. त्याचा एकेक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाड. पापुद्र्यांमध्ये पाणी सहज शिरते, वितळलेले प्लास्टिक शिरत नाही. म्हणून मातीवर आधी सेंद्रिय अमोनियम क्षारांची प्रक्रिया करतात आणि मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलिन दुवा म्हणून घालतात. मग दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरमध्ये पापुद्रे सुटे होतात. त्यांतले जे दोन प्लास्टिकांच्या सीमेवर बसतात, ते थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत.

जपानच्या टोयोटाने १९८० च्या दशकात नायलॉन-६ मध्ये सुमारे ५ टक्के अशी माती मिसळली. ताणबल जवळपास दीडपट झाले आणि त्यातून मोटारीच्या टायमिंग बेल्टचे झाकण निघाले. मात्र तो नायलॉन कोरा होता, हे विसरून चालत नाही. भंगारात चिखल, शाई आणि ओल असते. पूड नीट विखुरली नाही तर गुठळ्या होतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. तापमान २०० अंशांच्या आसपास गेले की मातीवरचे क्षारही विघटू लागतात. ताठपणा वाढला तरी आघात सोसण्याची क्षमता घटू शकते. निवडणे, धुणे आणि वाळवणे यांना नॅनो-फिलर हा पर्याय नव्हे. ती कामे नीट झाली नाहीत तर महागडी पूड वायाच जाते.

म्हणून नॅनो-फिलरवरच्या चर्चेत कोऱ्या प्लास्टिकवरच्या आकड्यांबरोबर खऱ्या भंगारावरचे आकडेही मांडले जावेत, ही विनंती.